चावी अजून देऊ नकोस

धाकटे, काल तुझा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. बोललीस तू साधंच. मामंजींची कॉन्टेसा काढून टाकायचं घरात ठरत आलंय, ग्वाल्हेरचा मेळा सुरू झालाय, रस्ता-करात निम्मी सूट आहे, तेवढ्यात नवी गाडी दारात आणू, अंगणही मोकळं होईल. सगळं पटण्यासारखं. पण शेवटी जरा थांबून विचारलंस, “ताई, चूक नाही ना होत?” त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच. यातलं निम्मं मी आजवर कुणाशी बोललेले नाही.

आमच्या अण्णांची कॉन्टेसा तुला आठवत असेल. मरून रंगाची. मे महिन्यात तुम्ही सगळे ग्वाल्हेरला, लष्कर भागात आमच्याकडे यायचात, तेव्हा संध्याकाळी अण्णा दवाखाना बंद करून आले की आपली वरात निघायची. मागच्या सीटवर आपण चौघी, मांडीवर कुणीतरी एक, पुढे आई आणि तिच्या पायाशी पाण्याचा थर्मास. फूलबागेपर्यंत जायचं, आइसक्रीम खायचं आणि यायचं. परत येताना तू हमखास झोपायचीस. मागची सीट इतकी रुंद होती की तुझे पाय सरळ पसरून माझ्या मांडीवर यायचे.

गाडी घ्यायच्या आधी अण्णांकडे लॅम्ब्रेटा होती. दौलतगंजात दवाखाना, फी दोन रुपये, पाच रुपये, आणि घरात आजी धरून सात माणसं. त्या माणसानं एवढी लांबरुंद गाडी घ्यावी हे तेव्हा पुष्कळांना पटलं नव्हतं. मारुती ८०० येऊन सहा-सात वर्षं झाली होती, सगळं शहाणं जग तिच्यामागे धावत होतं. आई म्हणाली सुद्धा, की एवढ्या पैशात मारुती येईल आणि वर माझ्या पाटल्या होतील. अण्णा म्हणाले, “आयुष्यात एकदाच घेणार आहे, मग मनासारखी घेईन.” पुढे त्यांनी तेच केलं. दुसरी गाडी घेतलीच नाही.

तुला माहीत आहे का, ही गाडी मुळात विलायतेची. व्हॉक्सहॉल कंपनीचा जुना साचा हिंदुस्तान मोटर्सनं घेतला आणि १९८४ पासून बंगालमध्ये, उत्तरपाड्याला ती बनवायला घेतली. सुरुवातीला तिच्यात अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. एवढं मोठं अंग आणि जीव एवढासा, त्यामुळे चढावर धाप लागायची म्हणत. मग जपानच्या इसुझुचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले, ताकद ८८ अश्वशक्ती झाली, आणि मग मात्र ती खरी चालायला लागली. अण्णांची होती ती हीच, वन पॉइंट एट. लांब बोनेट, रुंद जाळी, मागच्या चाकांवर जोर. तोंडवळा अगदी सत्तर सालातल्या अमेरिकन गाड्यांसारखा. आज लोक तिला भारताची मसल कार म्हणतात. आम्ही तेव्हा नुसतं ‘मोठी गाडी’ म्हणायचो.

आणि गावाशी तिचं एक नातंही होतं. बिर्लानगरातली जियाजीराव कॉटन मिल बिर्लांची, आणि उत्तरपाड्याचा कारखानाही बिर्लांचाच. ग्रासिम हे नाव आज देशभर ऐकू येतं, त्यातलं पहिलं अक्षर आपल्या ग्वाल्हेरचं आहे. अण्णांना हे सांगायला फार आवडायचं. मिलमधले किती तरी कामगार त्यांचे पेशंट होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडून त्यांनी फी घेणं सोडून दिलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

रविवारी सकाळी गाडी धुवायचं काम ते कुणाला देत नसत. बादलीभर पाणी, साबण नाही, आणि शेवटी कोरडं पिवळं फडकं. ते फडकं फक्त बोनेटसाठी. बोनेटवरून हात फिरवताना ते आडवा फिरवायचे, कधी गोल नाही. गोल फिरवलं की उन्हात रंगावर रेघा दिसतात, हे मी त्यांच्याकडून शिकले. थंडीत सकाळी चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, इंजिन लागलं की लगेच निघायचं नाही. दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची. त्या दोन मिनिटांत ते डॅशबोर्डचा खण उघडून त्यातली वही काढायचे.

ती वही म्हणजे आपल्या वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी, लाल कापडी बांधणीची, लांबट. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. तेल कधी बदललं, प्लग कधी साफ केले, टायर कधी फिरवले. आणि उजवीकडच्या समासात बारीक अक्षरात एक-दोन शब्द. ‘शिवपुरी, पाऊस.’ ‘आग्रा, पाहुणे.’ ‘ताईचा निकाल.’ ‘आई दवाखान्यात.’ जिथे गाडी गेली त्याची नोंद. आजीच्या शेवटच्या आजारपणात चौदा दिवस ओळीनं फक्त रुग्णालयाचं नाव, ‘जयारोग्य’, एवढंच लिहिलं होतं. मी गाडी शिकत होते तेव्हा मेळ्याच्या रिकाम्या मैदानावर आम्ही जायचो. त्या दिवसांपुढे ‘मैदान’ लिहिलेलं असायचं, आणि एका दिवशी ‘मैदान, आज न थांबता’. त्या दिवशी माझा क्लच पहिल्यांदा नीट सुटला होता.

अण्णा गेले. गाडी अंगणात उभी राहिली. पहिलं वर्ष दादानं चालवली थोडी, मग त्याची बदली झाली. शहरात लिटरला आठ-नऊ देणारी गाडी दोन पगारांच्या नव्या घराला परवडेना. बॅटरी उतरली, एक टायर बसला, चौमाशात मागच्या काचेच्या रबरातून पाणी आत यायला लागलं आणि सीटला वास यायला लागला. दुसऱ्या हिवाळ्यात मेळा लागला. दादाला मेळ्यात एक लहान गाडी पसंत पडली. मेळ्यातली किंमत मेळ्यापुरतीच. शेवटचा आठवडा होता. जुनी निघाली तर नवीसाठी जागा होणार होती.

आता ऐक, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दादानं आईला विचारलं, आई म्हणाली तुम्ही ठरवा. मग त्यानं मला विचारलं. आणि मी म्हटलं, “काढून टाक. उभी राहून काय करतेय ती, नुसती जागा अडवते.” हे माझे शब्द. मला माझी स्कूटर अंगणात लावायला जागा हवी होती. बस, एवढंच कारण.

तीन दिवसांत भिंडकडची माणसं आली. सोबत त्यांचा मिस्त्री. त्यानं बोनेट उघडलं, तेलात बोट घालून पाहिलं, खाली वाकून पत्रा ठोकला, आणि आमच्यादेखत एकेक खोट सांगत गेला. अडतीस हजारांत सौदा झाला. नोटा त्यांनी बोनेटवरच मोजल्या. अण्णा जिथे पिवळं फडकं आडवं फिरवायचे तिथे, बोटाला थुंकी लावून. दोरी बांधून, जीपला जोडून गाडी गल्लीतून ओढत नेली. वळणावर तिचं मागचं अंग भिंतीला घासलं. अण्णांनी ती गल्ली वर्षानुवर्षं रोज दोनदा काढली, एकदाही घासली नाही.

संध्याकाळी मला एकदम आठवलं. खणातली वही.

मी धावत बाहेर गेले, जशी काही गाडी अजून कोपऱ्यावरच असणार होती. दादा म्हणाला फोन करतो. केला. समोरचा म्हणाला पाहतो. मग म्हणाला, तसलं काही नव्हतं. डिकीत अण्णांचा पत्र्याचा डबा होता, जुने प्लग, फ्यूज, एक टॉर्च. पिवळं फडकं होतं. तेही सगळं गेलं. आपण घर रिकामं करताना कपाटं दहादा पाहतो आणि गाडी मात्र तशीच देऊन टाकतो. गाडी हेही एक कपाटच असतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात दादाला बोल लावला. त्यानं विकली, त्याला नवीची घाई झाली होती, त्याला अण्णांची कदर नव्हती. भाऊबीजेला ओवाळताना हसायचे आणि आत हे धुमसत असायचं. आपण दिलेला होकार माणूस किती सहज विसरतं बघ! दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेलाच विषय निघाला आणि मी पहिल्यांदा बोलून टाकलं. दादा गप्प राहिला. मग म्हणाला, “गाडी गेल्यावर महिन्यानं मी भिंडला गेलो होतो. पाच हजार वर देतो, परत द्या म्हटलं. तोवर त्यांनी इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं होतं. वरातीला भाड्यानं द्यायला. वहीचंही विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं.” एवढी वर्षं त्यानं हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तोही एकटाच जळत होता आणि मीही. तुझ्या घरात असं होऊ नये म्हणून हा सगळा कागद काळा करते आहे.

आणि मला दुसरी संधी आली नव्हती असंही नाही. शाळेतल्या आमच्या एक बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या यजमानांची पांढरी वन पॉइंट एट मुरारला शेडमध्ये उभी होती. एकाच हातातली, कागद सगळे नीट. पंचेचाळीस हजार म्हणाल्या, तेही “तू नीट ठेवशील म्हणून.” आमचा थाटीपूरचा फ्लॅट, खाली एकाच गाडीची जागा. मी म्हटलं विचार करून सांगते. पंधरा दिवसांनी हो म्हणायला फोन केला तर गाडी पत्र्याच्या भावानं गेली होती. चांगली चालती गाडी कापली त्यांनी. त्या बाईंना वाटलं मला नको आहे, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी मी जेवले नाही.

तुला वाटेल ताईचं हे जरा जास्तच आहे, पत्रा तो पत्रा. पण हे दुःख जगात सगळीकडे आहे, आणि थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. स्टीव्ह मॅक्वीन हा हॉलिवूडचा नट, त्याचा १९६८ चा ‘बुलिट’ हा चित्रपट त्यातल्या गाडीच्या पाठलागासाठी गाजला. हिरव्या रंगाची फोर्ड मस्टँग, आठ सिलिंडर, ३२५ अश्वशक्ती, म्हणजे अण्णांच्या गाडीच्या जवळजवळ चौपट. चित्रपट संपला, गाडी विकली गेली, हातोहात फिरत १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका गृहस्थानं ती ६,००० डॉलरला घेतली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं त्याला पत्र पाठवून गाडी परत मागितली. त्यानं दिली नाही. आणि मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? त्या माणसाची बायको शिक्षिका होती आणि ती हीच गाडी घेऊन शाळेत शिकवायला जायची. पुढे क्लच गेला, गाडी कितीतरी वर्षं झाकून ठेवली, पण घरात ठेवली. त्यांच्या मुलानं ती २०२० च्या जानेवारीत लिलावाला काढली, तेव्हा ३७ लाख डॉलरच्या वर किंमत आली. मॅक्वीन १९८० मध्येच गेला. त्याला ती परत कधीच मिळाली नाही.

पैशाचं सांगते म्हणून असं समजू नकोस की तुमची कॉन्टेसा उद्या कोटीला जाईल. जाणार नाही. किमतीसाठी गाडी ठेवायची तर आजच विक, बँकेत टाक, सुखी राहशील. आपल्या शहराला तर मोटारीचं वेड फार जुनं. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर घाटवाटांवर चाचणी देऊन नाव कमावलेली रोल्स-रॉइस, ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, ती आपल्या माधवराव महाराजांनी विकत घेतली होती. त्यानंतर सबंध हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना रोल्स-रॉइसचा ध्यास लागला. १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि त्या काळात किती राजवाड्यांतल्या गाड्या मातीमोलानं गेल्या, किती परदेशी गेल्या, ते आता सगळे हळहळत सांगतात. राजांना ठेवणं जमलं नाही, तिथे आपण कोण! कंपनीनंसुद्धा ठेवलं नाही बघ. २००२ मध्ये कॉन्टेसा बनवणं बंद केलं, २०१४ मध्ये उत्तरपाड्याला अँबॅसडरही थांबली, मग अँबॅसडरचं नाव ८० कोटींना प्यूजोला दिलं, आणि २०२२ मध्ये कॉन्टेसाचं नावही दुसऱ्या कंपनीला देण्याचा करार झाला. तेव्हा विकणं हे पाप आहे असं मी तुला मुळीच सांगणार नाही.

मला पाप वाटतं ते वेगळंच. आपल्या ओळखीत एका घरी अशीच गाडी आहे. ‘वडिलांची आठवण’ म्हणून ठेवलीय. ताडपत्रीखाली, चाकं जमिनीत रुतलेली, खालून पत्रा पोळीसारखा फुटलेला, आत उंदरांचं घर. कुणी हात लावत नाही आणि कुणाला लावू देत नाही. ही आठवण ठेवणं नाही गं. उभी ठेवून कुजवण्यापेक्षा विकणं शंभर पटीनं बरं. गाडीला चालणं हवं असतं. महिन्यातून दोनदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर गेली पाहिजे, म्हणजे तेल फिरतं, ब्रेक धरत नाहीत, बॅटरी जिवंत राहते.

म्हणून तू एकच प्रश्न विचार घरात. ही गाडी महिन्यातून दोनदा बाहेर काढणारं माणूस आपल्यात आहे का? जावईबापू असोत, तुझा लेक असो, तू स्वतः अस. तू का नाही? तू जीप चालवलीस लग्नाआधी. असं एक माणूस असेल तर ठेव. नसेल तर मन घट्ट करून दे, पण चालवणाऱ्याला दे.

ठेवायची ठरली तर घाईनं सेल्फ मारू नका, एवढं जावईबापूंना आजच सांग. चार वर्षं उभी आहे ना ती? टाकीतलं पेट्रोल आता डिंक झालं असेल. ते आधी काढायचं, टाकीत गंज आहे का पाहायचा. प्लग काढून त्या भोकांतून थोडं तेल सोडायचं, एक दिवस मुरू द्यायचं, मग इंजिन हातानं फिरवून बघायचं. फिरलं की निम्मी लढाई जिंकली. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं नवीन. ब्रेकचे सिलिंडर धरलेले असणारच, तेव्हा चालू झाली म्हणून लगेच गल्लीत काढायची नाही. टायर वरून चांगले दिसले तरी बदलायचे. आणि पायाखालचं मॅटिंग उचलून पत्रा बघायचा, कॉन्टेसा तिथूनच जाते. इंजिनाचं काम होतं, सडलेल्या खालच्या अंगाचं काम करता करता जीव जातो. सामान ग्वाल्हेरात मिळेल तेवढं मिळेल, नाही तर दिल्लीला काश्मिरी गेट. मिस्त्री मात्र जुना बघा, कार्ब्युरेटरला हात लावलेला. नवी पोरं लॅपटॉप लावायला जागा शोधतात.

कागदांचं काम तू स्वतः कर, ते पुरुषांवर सोडू नकोस. गाडी अजून मामंजींच्या नावावर असणार. मालक गेल्यावर आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करायचा अर्ज, फॉर्म ३१. ते राहून गेलं असेल तर आता तरी करा, उशिराचा भुर्दंड पडेल तो पडेल. नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग पाच-पाच वर्षांनी फिटनेस दाखवून वाढवायची. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांहून जुन्या कारला त्याची फी १०,००० रुपये झाली आहे. मोठी रक्कम आहे, हिशेबात धर. कुणीतरी सांगेल की व्हिंटेजमध्ये घाला, मोकळे व्हा. त्या नियमाला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आणि तशी नोंदणी झाली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. अगदी पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ पर्यंत व्हिंटेज होत नाही. तुमची १९९१ ची, म्हणजे २०४१. तोवर ती साधी जुनी गाडी.

आणि द्यायची ठरली, तर मेळ्याच्या आठवड्यात देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. १९०५ मध्ये माधवराव महाराजांनी हा मेळा सुरू केला तो जनावरांचा बाजार म्हणून. बैल विकायला आलेल्याला घाई असली की घेणाऱ्याला ती लांबून कळायची. आज गाड्यांचं तसंच आहे. जुनी गाडी घेणाऱ्या दलालांना ठाऊक असतं, या दिवसांत प्रत्येक घराला अंगण मोकळं करायचंय. नवी गाडी घ्यायची तर घ्या मेळ्यातून, सूट मिळते ती का सोडा. पण जुनी दोन महिने शेजारी उभी राहिली तर काय बिघडतं? समोरच्या पाटणकर काकूंच्या फाटकात ठेवायला मागा, त्या नाही म्हणणार नाहीत. त्या दोन महिन्यांत जुन्या गाड्यांची हौस असलेला माणूस शोधता येतो. झाशीला, आग्र्याला, इंदूरला आहेत असे लोक. दोन-पाच हजार कमी देईल, पण इंजिन उतरवणार नाही. त्याचा पत्ता, फोन नीट लिहून घ्या, महिन्याभरानं जाऊन पाहायची परवानगी आधीच मागून ठेवा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय आणि नाव चढल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, नाही तर उद्या कुठे काही झालं तर पोलीस तुमच्या दारात.

आणि अगदी काही उरलं नसेल, पत्राच गेला असेल, तरी कबाड्याला नको. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, तिथे ठेवीचं प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या करात त्याची सूट मिळते आणि जुनी नोंदणी रीतसर रद्द होते.

काहीही ठरवा, त्याआधी मात्र एक दिवस दे तिला. सासूबाईंना खाली आण. उन्हं कोवळी असताना दारं चारी उघड. खण, डिकी, सीटखाली, सन व्हायजरच्या मागे, सगळीकडे हात घाल. मामंजींचं काय काय निघेल तुला कल्पना नाही. टोलच्या चिठ्ठ्या, पानाची डबी, एखादा जुना चष्मा. सासूबाई कुठे बसायच्या, कुठल्या प्रवासात काय झालं, त्यांना बोलू दे, तू मध्ये बोलू नकोस. लेकाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांग. आमच्या आईला हे कुणी विचारलंच नाही. ती खिडकीत उभी राहून गाडी जाताना बघत होती आणि मी अंगणात किती जागा झाली ते बघत होते.

जावईबापूंशी भांडू नकोस. त्यांचे वडील होते, गाडीकडे रोज बघून त्यांना काय होत असेल ते ते तुला सांगणार नाहीत. काही माणसांना डोळ्यासमोरून हलवल्याशिवाय सावरता येत नाही. माझा दादा तसाच होता, मला वीस वर्षांनी कळलं. विचारताना “विकायची का” असं नको विचारूस. “तुम्हाला चालवायची आहे का” असं विचार. आणि जे उत्तर येईल ते दोघांचं म्हणून धर, उद्या एकमेकांवर ढकलायचं नाही.

मी पुढच्या रविवारी येते आहे. दादालाही घेऊन येते, त्यानं स्वतःहून म्हटलं येतो म्हणून. अण्णांकडून शिकलेलं त्याला बरंच आठवतं, प्लग तो स्वतः काढेल. येताना बाड्याच्या बाजारातून पिवळ्या फ्लॅनेलचं मीटरभर कापड आणते. तोवर दलाल कितीही वेळा येऊ देत, चावी तुझ्या डब्यात ठेव आणि कुणाला देऊ नकोस.

तुझी ताई